तीन पिढ्यांचे कान

१७६० च्या सुमाराला ब्रिस्टल शहरात एक आई आपल्या तीन वर्षांच्या आतल्या मुलाला खुर्चीला बांधून ठेवायची. त्यात शिक्षा कसलीच नव्हती. पोर हार्प्सिकॉर्डसमोर बसलं की भान हरपून वाजवायचं आणि तोल जाऊन खाली पडेल अशी तिला धास्ती वाटायची. हार्प्सिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं, तारा छेडून वाजणारं पट्ट्यांचं वाद्य. आईने गायलेलं गाणं असो की रस्त्यावरून कानी आलेली चाल, मुलगा ती उजव्या हाताने उचलायचा आणि डाव्या हाताने तिला अचूक खर्जाची साथ द्यायचा. त्याच्याही आधीची एक गोष्ट बापाने लिहून ठेवली आहे. बाळाला रमवायला आई वाजवत असताना तिने एकच हात वापरला तर ते तिचा दुसरा हात ओढून पट्ट्यांवर ठेवायचं. तेव्हा त्याला धड बोलताही येत नव्हतं, पण अर्धं संगीत त्याला चालत नव्हतं.

या नोंदी करणारा बाप म्हणजे चार्ल्स वेस्ली. थोरला भाऊ जॉन याच्याबरोबर त्याने मेथडिस्ट चळवळ उभी केली. जॉनने उपदेश केला, चार्ल्सने त्याला गाणं दिलं. आयुष्यभरात त्याने सहा हजारांहून अधिक स्तोत्रगीतं लिहिली आणि खाण कामगारांपासून मोलकरणींपर्यंत हजारो साध्या माणसांच्या तोंडी ती बसली. १७४९ मध्ये त्याने सारा ग्विन या वेल्समधल्या मुलीशी लग्न केलं. तिचा गळा फार गोड होता. त्यांना आठ मुलं झाली. त्यांतली पाच तान्हेपणीच गेली. उरली ती तीन: बापाच्याच नावाचा चार्ल्स, मुलगी सारा आणि शेंडेफळ सॅम्युएल.

या घरातले दोन मुलगे आणि पुढे एक नातू यांच्या कानांचा प्रवास मला अतिशय अद्भुत वाटतो. श्रद्धाळू ख्रिस्ती घरात मुलांची संगीताची आवड कशी पालटते, हा प्रश्न आज कितीतरी घरांत रविवारच्या उपासनेनंतर जेवताना निघतो. अडीचशे वर्षांपूर्वी तो एका घरात निघाला आणि त्या घराने त्याची जवळजवळ रोजनिशी ठेवली. बापाने लिहिलं, काकाने लिहिलं, मुलाची पत्रं उरली. त्या कागदांना आता कानाच्या विज्ञानाची जोड मिळाली आहे.

सुरुवात पोटातूनच होते. गर्भाचे कान शेवटच्या तिमाहीच्या आधीच काम करू लागतात. बाहेरचे तीव्र स्वर आईच्या शरीरातून येताना बोथट होतात, पण खालचे स्वर, ठेका आणि आवाजाची चढउतार पोचते. आईचा स्वतःचा आवाज तर तिच्या हाडांमधूनही येतो. १९८० मध्ये अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर या संशोधकांनी दाखवलं, की नुकतं जन्मलेलं मूल चोखणीचा वेग बदलून आईचा आवाज निवडतं. गाणारी आई आणि घरात रोज वाजणारं वाद्य, एवढ्या शिदोरीवर थोरला चार्ल्स जन्मला होता.

पण घरचं ऐकून कान फक्त घरापुरता घडतो का? याचं उत्तर मला या सगळ्या शास्त्रातलं सर्वांत सुंदर उत्तर वाटतं. २००५ मध्ये एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी उत्तर अमेरिकेतल्या बाळांना दोन प्रकारचे ठेके ऐकवले. एक पाश्चात्त्य संगीतातला समान खंडांचा, दुसरा बाल्कन प्रदेशातल्या नाचगाण्यांचा, विषम खंडांचा. आपल्या रूपकाच्या सात मात्रा तीन-दोन-दोन अशा पडतात, तसाच काहीसा. मधेच ठेका मोडला की सहा महिन्यांच्या बाळांना दोन्हीकडे ते कळायचं. त्यांनी बाल्कन संगीत जन्मात ऐकलेलं नव्हतं, तरी कळायचं. वर्षाच्या बाळांना मात्र फक्त आपल्या घरच्या ठेक्यातली मोडतोड उमगत होती, परक्यातली नाही. सहा महिन्यांत कानाने जग सोडून घर धरलं होतं. मग त्याच वयाच्या बाळांना घरी दोन आठवडे बाल्कन संगीत ऐकवलं, तर हरवलेली जाण परत आली. मोठ्यांना तेवढ्या ऐकण्याने ती मिळाली नाही.

म्हणजे प्रत्येक मूल अवघ्या जगाचं संगीत ऐकायला सज्ज होऊन येतं आणि आपण त्याला प्रेमाने, नकळत, एका घराचं करतो. वेस्लींच्या घराने हे मोठ्या थाटाने केलं. मेथडिस्टांच्या गाण्यांच्या चाली कुठूनही आलेल्या होत्या: जुन्या चर्चमधून, जर्मन भक्तांकडून, रंगभूमीवरून. जॉन फ्रेडरिक लँप हा त्या काळचा बडा संगीतकार हँडेल याच्या वाद्यवृंदातला, 'बसून' हे फुंकवाद्य वाजवणारा जर्मन. त्याने १७४६ मध्ये चार्ल्सच्या गीतांना चाली दिल्या आणि त्या चालींना नाटकगृहाचा साज होता. भक्तीची वेळ सोडली तर घरात हँडेल, आणि पुन्हा हँडेल.

धाकटा सॅम्युएल १७६६ चा. थोरल्याहून आठ वर्षांनी लहान. तो तीन वर्षांचा होईपर्यंत त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्षच नव्हतं, कारण घरात आधीच एक चमत्कार होता. जोसेफ केलवे हे नामांकित शिक्षक थोरल्याला शिकवायला यायचे, तेव्हा हा छोटा खोलीत हजर असायचा आणि खुर्चीच्या बैठकीवर बोटं आपटून भावाला साथ करायचा. केलवे डोळे वटारायचे, पण याची बोटं थांबायची नाहीत. बाप लिहितो, की पाठ वाद्याकडे असतानाही भावाने वाजवताना जिथे हात आडवे ओलांडले, तिथेच यानेही खुर्चीवर हात ओलांडले, आणि ठेका एकदाही चुकला नाही. न वाजणाऱ्या लाकडावर तो मनातलं संगीत वाजवत होता.

चार-पाच वर्षांचा असताना त्याच्या हाती हँडेलच्या 'सॅमसन' या ऑरेटोरिओची प्रत लागली. ऑरेटोरिओ म्हणजे बायबलमधली कथा गाण्यांतून सांगणारी मोठी रचना. नोटेशनच्या खाली छापलेल्या शब्दांवरून हा मुलगा वाचायला शिकला. बाकीची मुलं अक्षरांवरून गाण्याकडे जातात, हा गाण्यावरून अक्षरांकडे आला. सहा वर्षांचा होण्याआधी बायबलमधल्या रूथच्या कथेवर तो मनातल्या मनात गाणी रचत होता. लिहिता येऊ लागल्यावर, आठव्या वर्षाच्या आसपास, त्याने ती कागदावर उतरवली. राजाच्या पदरी असलेले संगीतकार विल्यम बॉइस मुद्दाम घरी आले आणि तुमच्याकडे इंग्लंडचा मोत्सार्ट आहे असं ऐकलं, म्हणाले.

१९८२ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड हार्ग्रीव्हज यांनी लहान मुलांच्या एका गुणाचं वर्णन केलं, त्याला आपण 'उघडे कान' म्हणू. लहान मुलं अनोळखी, विचित्र, परक्या संगीतालाही सहज सामोरी जातात. प्राथमिक शाळा संपत येते तसे हे कान हळूहळू मिटू लागतात आणि किशोरवयात आवडनिवड कडक होते. हे माझं, ते तुमचं, अशी रेघ आखली जाते. त्या वयात संगीत नुसतं ऐकायचं राहत नाही. मी कोण, कुणातला, हे ठरवण्याचं ते साधन होतं. उपासनेतलं गाणं पाचव्या वर्षी आईच्या मांडीवर बसून आवडीने म्हणणारा मुलगा पंधराव्या वर्षी ओठ मिटून उभा राहतो, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. त्याचा विश्वास उडाला असेलच असं नाही. त्याला स्वतःचा सूर हवा असतो.

वेस्लींच्या घरात ही रेघ आखली जाण्याआधी बापाने एक धाडस केलं. कुटुंब १७७१ मध्ये लंडनला, मेरिलबोन भागातल्या चेस्टरफील्ड स्ट्रीटवरच्या घरात आलं होतं. १७७९ पासून तिथे दोन्ही मुलांच्या घरगुती मैफली सुरू झाल्या. वर्गणी घेऊन, कार्यक्रमाचा क्रम ठरवून, १७८७ पर्यंत त्या चालल्या. सरदार आले, बिशप आले. गरिबांना सुवार्ता सांगणाऱ्या पंथाच्या घरात उमराव येऊन संगीत ऐकतात, याची मेथडिस्ट मंडळींत उघड कुरकुर होती. चार्ल्सने आपली कारणं लिहून ठेवली आहेत. त्यांतलं एक असं, की मुलं वाईट संगीत आणि वाईट संगीतकार यांच्यापासून दूर राहावीत. मुलाची ओढ त्याला दिसत होती, ती थोपवता येणार नाही हेही दिसत होतं. मग ती घराबाहेर घालवण्याऐवजी त्याने तिला घरातच जागा करून दिली. पंथात बोल लावून घेऊन त्याने हे केलं, आणि म्हणून या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

जॉन काकांनी २५ जानेवारी १७८१ रोजी एका मैफलीला हजेरी लावली. ते तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. रोजनिशीत त्यांनी लिहिलं, की पुतण्यांच्या मैफलीत तास बरा गेला, पण लॉर्ड आणि लेडी मंडळींत आपण जरा परके होतो. आपल्याला साधं संगीत आणि साधी माणसं बरी. हे नुसतं वैताग काढणं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच त्यांनी संगीताच्या सामर्थ्यावर एक छोटा निबंध लिहिला होता. त्यात त्यांचं म्हणणं असं, की माणसाच्या काळजाला हात घालते ती सुरावट, एकेरी चाल. नव्या संगीतकारांनी अनेक सुरावटी एकमेकींत गुंफण्याचा हव्यास धरला आणि संगीताची ताकद घालवली. चार आवाज एकाच वेळी चार वेगळे शब्द म्हणतात तेव्हा प्रार्थनेचा अर्थच नाहीसा होतो, याचा त्यांना संताप होता. स्कॉटिश आणि आयरिश लोकांच्या साध्या चाली त्यांना प्रिय होत्या.

आणि मग सॅम्युएलचे पाय वेगळ्या दिशेला वळले.

त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक उपासना उघडपणे करायला कायद्याने बंदी होती. अपवाद होता परदेशी वकिलातींच्या चॅपलचा: पोर्तुगाल, सार्डिनिया, बव्हेरिया यांच्या. तिथे लॅटिन मिस्सा गायली जायची आणि लंडनमधलं उत्तम धार्मिक संगीत ऐकायचं तर अनेकांची पावलं तिकडे वळायची. जून १७८० मध्ये लंडनच्या दंगेखोर जमावाने कॅथलिकांची घरं आणि वकिलातींची चॅपलं फोडली, जाळली. इतका विखार हवेत असताना मेथडिस्ट चळवळीच्या महाकवीचा किशोरवयीन मुलगा त्या चॅपलांमध्ये बसून ऐकत होता. १७८४ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला. त्याच वर्षी पवित्र आत्म्याच्या नावे एक भव्य लॅटिन मिस्सा रचून ती पोप सहावे पायस यांना अर्पण केली.

बाप कोसळला. त्याने आपलं दुःख कवितांमध्ये ओतलं. काकांनी मात्र पुतण्याला लिहिलेल्या पत्रात एक विलक्षण गोष्ट सांगितली: तू या चर्चचा आहेस की त्या चर्चचा, याची मला चिंता नाही, तुझा नवा जन्म झाला आहे की नाही, याची आहे. मेथडिस्ट चळवळीच्या म्होरक्याने, त्या वातावरणात, हे लिहिलं.

सॅम्युएलला तिकडे ओढून नेलं ते कॅथलिक मतांनी नव्हे, ग्रेगोरियन संगीताने, असं त्याचं पुढलं म्हणणं नोंदलेलं आहे. ग्रेगोरियन म्हणजे काय? लॅटिन प्रार्थनांचं प्राचीन पठण-गायन. मुळात एकच सुरावट. तिला ठोक्याचा ताल नाही, शब्दांच्या श्वासाबरोबर ती वाहते. सगळे एकाच सुरात म्हणतात आणि दोन शब्द कधी एकमेकांवर आदळत नाहीत. म्हणजे जॉन काका ज्या एकेरी, निर्मळ सुरावटीसाठी तळमळत होते, नेमकी तीच! पुतण्याला ती काकांनी कधी पाऊल टाकलं नसतं अशा दाराआड सापडली. घरची शिकवण त्याने सोडली असं सगळ्यांना वाटलं. मला वाटतं, त्याने ती दुसऱ्या घरात जाऊन पाळली.

लंडनमध्ये याच्या थोडं आधी असाच आणखी एक मुलगा राहत होता, आणि त्याची कथा या कथेला अगदी चिकटून आहे. योहान क्रिस्टियान बाख. लाइपझिगच्या थोर योहान सेबास्टियान बाख यांचा धाकटा मुलगा. घर कट्टर लुथरन, बाप चर्चचा संगीतप्रमुख, बायबलशिवाय दिवस न उजाडणारं घर. १७५० मध्ये बाप गेला तेव्हा हा चौदा वर्षांचा होता. तो इटलीला गेला, कॅथलिक झाला, १७६० मध्ये मिलानच्या कॅथेड्रलमध्ये ऑर्गन वाजवू लागला आणि ऑपेराही लिहू लागला. १७६२ मध्ये लंडनला आला आणि राणी शार्लटचा संगीतशिक्षक झाला. आठ वर्षांचा मोत्सार्ट त्याला इथेच भेटला. बापाचं संगीत म्हणजे चार-चार सुरावटींची घट्ट वीण. मुलाचं संगीत म्हणजे वर एक रसाळ चाल आणि खाली हलकी साथ. दोन पिढ्यांत युरोपचा सगळा कान या बाजूला झुकला होता. लंडनमध्ये कुणी 'बाख' म्हटलं की लोकांसमोर मुलगा यायचा. बाप ही विद्वानांच्या कपाटातली वस्तू झाली होती.

१८०८ च्या सुमाराला ती वस्तू सॅम्युएल वेस्लीच्या हाती लागली आणि तो वेडा झाला, या शब्दाच्या सगळ्यांत चांगल्या अर्थाने. चोवीस स्वरपट्ट्यांतल्या पूर्वरंग आणि फ्यूगांचा तो संग्रह, 'वेल-टेम्पर्ड क्लाविअर'. फ्यूगमध्ये एक छोटी सुरावट एकटी येते, मग दुसरा आवाज तीच घेऊन आत शिरतो, मग तिसरा, आणि आधीचे आवाज गप्प न बसता तिच्याभोवती आपापलं बोलत राहतात. आपल्या वारीत एका दिंडीने उचललेला अभंग मागची दिंडी वेगळ्या क्षणी उचलते आणि मधे उभ्या माणसाला दोन्ही ऐकू येतात, तसं काहीसं. फक्त इथे प्रत्येक आदळणं गणिताने बसवलेलं. जॉन काकांना जे नको होतं, ते याहून शुद्ध रूपात कुठेच नाही.

सॅम्युएलने लंडनमधल्या सरे चॅपलचा ऑर्गनवादक बेंजामिन जेकब याला लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत. त्यांत तो बाखला 'संत सेबास्टियान' म्हणतो. नवा भक्त जशी मंडळी जमवतो, तसा हा बाखसाठी माणसं जमवत होता. संगीताचा इतिहास लिहिणारे वृद्ध डॉक्टर चार्ल्स बर्नी यांनी बाखला पूर्वी कमी लेखलं होतं. सॅम्युएलने त्यांच्यासमोर वाजवून त्यांचं मत फिरवलं. सरे चॅपलमध्ये बाखच्या फ्यूगांचे ऑर्गनवर कार्यक्रम झाले. १८१० ते १८१३ या काळात कार्ल फ्रीडरिख हॉर्न याच्या साथीने त्याने त्या संग्रहाची पहिली इंग्रजी आवृत्ती काढली. ज्या बाखचा स्वतःचा मुलगा लंडनमध्ये वीस वर्षं राहून वेगळ्याच सुरात रमला, त्याच्यासाठी त्याच शहरात घर बांधलं ते एका मेथडिस्ट गीतकाराच्या मुलाने.

आवड पालटते म्हणजे मुलं नव्याकडे धावतात, अशी आपली समजूत असते. सॅम्युएल मात्र मागे गेला, स्वतःच्या जन्माच्याही मागे. आणि थोरला चार्ल्स? तो कुठेच गेला नाही. खुर्चीला बांधलेल्या वयात जो हँडेल कानी पडला, तोच अखेरपर्यंत त्याचा देव राहिला. हँडेलवेड्या राजा तिसऱ्या जॉर्जला तो म्हणूनच प्रिय होता. एकाच आईचं गाणं, एकच हार्प्सिकॉर्ड, आणि तरी दोन भावांच्या वाटा अशा फुटल्या. याला सूत्र नाही. धाकट्याच्या वाट्याला थोरल्याने व्यापलेलं घर आलं, हे एक कारण असू शकेल. जागा भरलेली असली की मूल दुसरी खोली शोधतं.

सॅम्युएलचं खासगी आयुष्य फार विस्कटलेलं होतं. लग्न मोडलं, मनाच्या काळोखाने त्याला वर्षानुवर्षं ग्रासलं. घरकाम पाहणारी सारा सटर ही पुढे त्याची आयुष्याची सोबतीण झाली आणि १८१० मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव सॅम्युएल सेबास्टियान ठेवलं. पहिलं नाव बापाचं, दुसरं बाखचं.

नातवाचे कान कुठे गेले? परत इंग्लंडच्या चर्चमध्ये. तो हेरफर्ड, एक्सिटर, विंचेस्टर, ग्लॉस्टर या कॅथेड्रलांचा ऑर्गनवादक झाला. १८४९ मध्ये कॅथेड्रलमधल्या संगीताच्या दुरवस्थेवर त्याने एक धारदार पुस्तिका लिहिली. आणि ज्या ग्रेगोरियन पठणासाठी बापाने आजोबांचं काळीज फोडलं होतं, त्याचा नातवाला तिटकारा होता! ते परत आणू पाहणाऱ्यांवर तो तुटून पडायचा. १८६४ ची त्याची 'ऑरेलिया' ही चाल मात्र जगभरच्या मंडळ्यांत आजही गायली जाते. आजोबांनी शब्द दिले, बाप चालींच्या शोधात परगावी गेला, नातू चाल घेऊन घरी आला.

पिढी ओलांडून आवड अशी परतते, याचा थोडा पुरावा आता प्रयोगातही दिसतो. २०१३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरल क्रुमहान्सल आणि त्यांचे सहकारी जस्टिन झुपनिक यांनी वीस वर्षांच्या आसपासच्या तरुणांना गेल्या पन्नासेक वर्षांतली गाजलेली गाणी ऐकवली. अलीकडच्या गाण्यांशी त्यांचं जवळचं नातं असणार, हे ठरलेलं होतं. पण आलेखात आणखी एक उंचवटा निघाला: १९८० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली गाणी, म्हणजे त्यांचे आईबाप तरुण असतानाची. मुलं जन्मलीही नव्हती, तरी ती गाणी त्यांना आवडत होती आणि त्यांच्याशी आठवणी जोडलेल्या होत्या. त्याच्याही मागे, १९६० च्या दशकात, एक छोटा उंचवटा होता. तो आजी-आजोबांकडून झिरपला की त्या काळची गाणीच तशी होती, याचा निवाडा संशोधकांनी केलेला नाही. आईबाप गाडीत, स्वयंपाकघरात, आवराआवर करताना जे ऐकतात ते मुलांना शिकवावं लागत नाही, हे मात्र स्पष्ट झालं.

किशोरवयात मिटलेले कान पुढे तरुणपणी पुन्हा थोडे उघडतात, असं या क्षेत्रातल्या अनेकांचं निरीक्षण आहे. म्हणून पंधराव्या वर्षीच्या मुलाचा नकार हा शेवटचा निकाल मानण्यात अर्थ नाही.

१८२६ मध्ये साठीतला सॅम्युएल केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात संगीताची हस्तलिखितं चाळत होता. तिथे त्याला हँडेलच्या हातची तीन स्तोत्रगीतं सापडली. शब्द होते चार्ल्स वेस्लींचे. त्याच्या बापाचे. हँडेलने १७४७ च्या सुमाराला त्यांना चाली दिल्या होत्या आणि ते कागद कुणाच्याही लक्षात न येता पडून होते. कॅथलिक झालेला, मग त्यातूनही दूर गेलेला, बाखला संत मानणारा हा मुलगा. बापाचे शब्द आणि भावाचं दैवत एकाच कागदावर पाहून त्याला काय वाटलं असेल! त्याने ती गीतं त्याच वर्षी छापली. त्यांतली एक चाल 'गोपसाल' या नावाने आजही गायली जाते. कागद कुणी जपून ठेवला होता म्हणून हे घडलं. लॉर्ड फिट्झविल्यम यांनी १८१६ मध्ये आपला संग्रह विद्यापीठाला दिला होता, त्यात तो आला.

सप्टेंबर १८३७ मध्ये लंडनच्या न्यूगेट स्ट्रीटवरच्या चर्चमध्ये जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सनने ऑर्गन वाजवला. बाखला जर्मनीत पुन्हा उभं करणारा तोच. ऐकायला एकाहत्तर वर्षांचा सॅम्युएल आला होता. त्यानेही वाजवलं. महिनाभरात तो वारला. पुढे १८५५ मध्ये विल्यम कमिंग्ज या इंग्रज संगीतकाराने मेंडेल्सनची एक चाल चार्ल्स वेस्लींच्या नाताळच्या गीताला जोडली. 'हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग' जगभर आज त्याच चालीवर गातात.

मराठी ख्रिस्ती घरांत याच प्रवासाची आपली रूपं आहेत. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि परदेशी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांच्या शेजारी अभंग, ओव्या, पदं आणून बसवली. अनेक मंडळ्यांच्या हाती असलेल्या 'उपासना संगीत' या पुस्तकात दोन्ही धारा एकत्र आहेत. आता त्या घरांतली मुलं गिटार आणि ड्रमवर उपासना करतात, किंवा करतही नाहीत, आणखी वेगळंच काही ऐकतात. ऐकू द्यावं.

मात्र एक काम आजच करता येईल. छापलेल्या गीतांचे शब्द पुस्तकात राहतील, पण बऱ्याच गीतांची जुनी चाल, ती कुठे खेचायची, कुठे श्वास घ्यायचा, टाळ कुठे पडायचा, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात आहे. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर या रविवारी दुपारी फोन समोर ठेवा, त्यांना ती गायला सांगा आणि ध्वनिमुद्रण करा. कोणतं गाणं, कुणाकडून शिकलात, कोणत्या गावच्या मंडळीत म्हणत होता, एवढं त्यांच्याच आवाजात विचारून घ्या. फाइलला नीट नाव द्या आणि एक प्रत दुसऱ्या कुणाकडे ठेवा.